पिवळ्यावर निळा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं असेल, तर भांडलो. खाटेवर शेजारी-शेजारी बसून, समोरच्या भिंतीकडं बघत, बल्बच्या उजेडात. भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं दोन रंग मारले होते. डाव्या अंगाला पिवळा, तुरीच्या डाळीसारखा. उजव्या अंगाला निळा, कपड्याची नीळ कालवताना बोटाला लागते तसा गडद.

मी म्हणलं, "पिवळा."

ती म्हणाली, "अजून सकाळचं ऊन पडायचंय त्याच्यावर."

"ऊन पडून काय पिवळ्याचा हिरवा व्हणार हाय का?"

"तुमी गप बसा. तुमाला बघायचं कळत न्हाई. तुमी नुस्ते डोळे उघडे ठिवताव."

मग तिनं अर्धी भाकर खाल्ली, हात भरून आलाय म्हणाली, आणि आडवी झाली. उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लोक त्या खोलीत आले तेव्हा भिंतीवर पिवळा नव्हता. तिथं निळाच होता, आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत निळा. माझ्या चुलत भावाची बायको शेजारीच राहते, ती आधी आत आली. तिनं खाटेकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं, आणि बोंब मारली, "बाई मरून पडलीय आन् म्हातारा रंग देत बसलाय गं माय!" हे वाक्य जिंतूरच्या बस स्टँडवर पोचलं, तिथून गंगाखेडला माझ्या लेकीच्या घरी पोचलं, लेक गाडीत बसायच्या आधी. ती आली. आईच्या उशाला बसली. मला दोनच गोष्टी विचारल्या.

"दादा, तुमी कवा उठलेव?"

"सहाला."

"आन् हाक कवा मारली?"

"आठला."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. वर्ष होत आलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की तिला जाऊन चार-पाच तास झालेत, म्हाताऱ्यानं सहाला हाक मारली असती तरी काही झालं नसतं. पण गावाला डॉक्टर नको असतो. गावाला गोष्ट पाहिजे असते.

दुखवट्याच्या वर्षात घराला रंग देत नाहीत, म्हणून भिंत आहे तशी राहिली. आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. परभणीहून मुलाचा फोन येतो, "दादा, पेंटरला सांगतो, सगळी खोली ऑफ व्हाइट मारून टाकू. ताई म्हणायलीय, तो निळा भिंतीवर हाय तवर मी त्या खोलीत पाय ठिवणार न्हाई." मी म्हणतो, भिंतीला हात लावशील तर हात मोडीन. तो विचारतो, का? मला सांगता येत नाही. तोंड उघडलं की शिवीच येते. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलण्यात जन्म गेला. पण लिहिताना समोर कुणी बसत नाही, मधी बोलत नाही, म्हणून लिहितोय. आणि त्या सकाळी मी काय केलं ते सांगायच्या आधी ती बाई कशी होती ते सांगावं लागेल. ते न सांगता नुसता हात दाखवला तर मी येडाच दिसणार.

बाई विक्षिप्त होती. मेल्यावर सगळे चांगलं बोलतात, मी बोलणार नाही. तिच्यासोबत संसार करणं म्हणजे रोज कोर्टाची तारीख. कोणतीही गोष्ट ती तीन उजेडात बघायची. सकाळचं ऊन, दुपारचा उजेड आणि दिवा. लुगडं असो, कोंबडी असो, वांगी असो. बाजारात वांगी घेताना दुकानदाराच्या ताडपत्रीखालून बाहेर काढून उन्हात धरायची. माळवं विकणारे तिला लांबून बघितलं की म्हणायचे, "आली बघा इन्स्पेक्टर." लुगडं घ्यायचं तर दुकानदाराकडून दोन घरी आणायची, दोन दिवस दोरीवर टांगायची, एक परत करायची. परत करायला मला पाठवायची. दुकानदाराच्या शिव्या मी खायच्या.

मलासुद्धा तिनं असंच बघून घेतलं. चारठाण्याजवळ तिचं माहेर. आम्ही मुलगी बघायला गेलो, मी, माझा बाप आणि चुलता. एसटी उशिरा आली, पोचेपर्यंत दिवे लागले. कंदिलाच्या उजेडात पोहे झाले, नाव विचारून झालं, स्वयंपाक येतो का विचारून झालं. चुलत्यानं मोठेपणानं विचारलं, "पोरी, तुला काय इचारायचंय का?" असं विचारायची रीत होती, मुलीनं मान हलवून नाही म्हणायचं ही पण रीत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "मला इचारायचं न्हाई. बघायचंय. पण आत्ता न्हाई, सकाळी."

तिच्या बापानं कपाळावर हात मारला. माझा चुलता पेटला. पण शेवटची गाडी गेलेली, जाणार कुठं? तिथंच राहिलो. सकाळी तिच्या आज्यानं मला अंगणात बोलावलं आणि सूर्याकडं तोंड करून उभा केला, पोळ्याच्या बाजारात बैल उभा करावा तसा. ती कळशी घेऊन माझ्या डाव्या बाजूनं गेली आणि उजव्या बाजूनं परत आली. मग जेवायचं निमित्त करून आम्हाला दुपारपर्यंत अडकवून ठेवलं. दुपारी आतून निरोप आला, "चालंल म्हणती. पण कंदिलात गोरा वाटला व्हता, तेवढा न्हाई."

मी रस्त्यानं रागानं लाल झालो होतो. चुलता मरेपर्यंत हसत होता. लग्नानंतर तिला विचारलं, एवढा तमाशा कशाला केला? ती म्हणाली, "कंदिलात समदेच बरे दिसत्यात. सकाळी माणूस हाय तसा दिसतंय. आन् दुपारी, भूक लागल्यावर, कसा वागतोय ते दिसतंय."

"मग मी कसा वागलो?"

"ताट यायला उशीर झाला तर तुमी भिताडाला पाठ लावून झोपलेव. म्हणलं, हे चालंल."

आमचं जुनं घर मातीचं होतं. दिवाळीच्या आधी बायका पांढऱ्या मातीनं भिंती सारवायच्या. सगळ्या गावाच्या भिंती सारख्याच पांढऱ्या, त्यात बघायचं काय? पण ही मातीत नीळ घालायची, एका घमेल्यात चिमूटभर, दुसऱ्यात दोन चिमट्या, तिसऱ्यात काहीच नाही. मग एकाच भिंतीवर तिन्हीचे हात मारायची आणि तीन दिवस बघत बसायची. माझी आई बोंबलायची, "ही भिंत हाय का गोधडी? पावणे यायचेत, त्यांना काय दावू?" ही ढिम्म. तिसऱ्या दिवशी आईचाच धीर सुटायचा. चुलीपुढून हळूच विचारायची, "मग, कोणचा ठरला गं?"

एकदा मी तिला न विचारता रंग लावला. ती माहेरी गेली होती. बैलगाडीला लावलेला लाल रंग उरला होता. म्हणलं, दार खराब झालंय, लावून टाकू. दार झालं लालभडक, मला लय झकास वाटलं. ती आली. पिशवी हातात, अंगणात उभी राहिली, दाराकडं बघितलं, वळली आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली. एकवीस दिवस ती त्या दारातून आली-गेली नाही. पाणी मागच्या दारानं, सरपण मागच्या दारानं. तिचा सख्खा भाऊ भेटायला आला तर त्याला ओसरीत बसवून खिडकीतून बोलली. मी बेजार झालो. ओरडलो, "दार हाय ते, वाघ न्हाई!"

ती म्हणाली, "तुमी न इचारता लावलं. मी न इचारता मागून जाते. तुमचं काय अडलंय?"

बाविसाव्या दिवशी मी खुरपं घेतलं आणि सगळं दार खरवडून काढलं. हाताला फोड आले. तिनं चहा दिला, फोडाला हळद लावली. मग त्या दारावर तिनं चार रंगाची बोटं ओढली, तीन उजेडात बघितली, आठ दिवस घातले. आणि ठरवला लाल. तोच लाल, त्याच डब्यातला! मी डोकं धरून बसलो. म्हणलं, "मग खरवडून काय मिळवलं?"

"तवा तुमी लावला व्हता. आता मी बघून लावला."

अशा बाईला काय करावं सांगा.

जिनिंगमध्ये तर तिनं मला आठ दिवस घरी बसवलं. डबा घेऊन आली होती. पत्र्याच्या शेडमध्ये एका शेतकऱ्याचा कापूस बघणं चालू होतं. खरेदी करणारा माणूस मुठीत कापूस धरून म्हणत होता, पिवळा पडलाय, ह्याला चांगला दर नाही. शेतकरी गरीब, मान हलवत होता. ही डबा खाली ठेवून पुढं झाली. "मालक, शेडात समदाच कापूस पिवळा दिसतंय. ह्या पत्र्याखाली माझ्या डब्याचं पांढरं फडकं बी पिवळं दिसायलंय. बाहीर काढा की." मी खूण करतोय, गप, गप. कुठली गप? तिनंच ओंजळभर कापूस उचलला आणि उन्हात नेऊन धरला. पांढराशुभ्र. चार लोकांनी बघितला, मग खरेदी करणाऱ्याला बोलायला जागा राहिली नाही. शेतकऱ्यानं तिला हात जोडले. मला मालकानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको, बोलावू तेव्हा ये.

घरी येऊन मी ताट फेकलं. खोटं कशाला लिहू, फेकलं. ती भाकरीचे तुकडे वेचत म्हणाली, "तुमाला ठाऊक व्हतं का न्हाई, त्यो कापूस पांढरा हाय म्हणून?"

ठाऊक होतं. वीस वर्षं त्या शेडमध्ये काढली होती, मला ठाऊक नसणार?

मला अजून तिच्यावर राग येतो. मेली म्हणून कमी झालेला नाही, वाढलाय.

आता ह्या भिंतीचं. मुलानं तीन वर्षांपूर्वी विटा-सिमेंटचं घर बांधून दिलं. बाहेरून रंग झाला, आतून राहिला. मागच्या दिवाळीच्या आधी त्यानं जिंतूरहून पेंटर पाठवला. पन्नाशीचा, दाढीवाला, गोड बोलणारा माणूस. त्यानं रंगाचं कार्ड काढलं. तिनं कार्ड उन्हात धरलं, सावलीत धरलं आणि परत दिलं. "हे बोटाएवढं हाय. भिंत केवढी हाय बघितलीस का?"

"काकू, सगळे लोक ह्याच्यावरूनच ठरवतात."

"लोकाला राहायचंय का हितं? मला डब्बे दे, बरश दे आन् जा."

तो हसला. दोन छोटे डबे आणि ब्रश ठेवून म्हणाला, "हौ काकू. तुमी ठरवा, मी आठ दिवसानं येतो."

मुलाचा फोन आला, "आई, ऑफ व्हाइट मार, खोली मोठी दिसती." ती म्हणाली, "मोठी कशाला दिसायला पायजे? दोन म्हातारे राहायलेत. चेंडू खेळायचाय का आमाला?"

मधली खोली ती आमची. पूर्वेला एकच खिडकी, समोरच्या भिंतीवर सकाळचं ऊन पडतं. त्या भिंतीवर तिनं परातीएवढे दोन चौकोन काढले, एक पिवळा, एक निळा. चुलतभावाची बायको बघायला आली. नाकाला पदर लावून म्हणाली, "आक्का, निळा नगा बाई लावू. लोक म्हणतील, हे बी तिकडचे झाले."

ही पापड वाळत घालत होती. म्हणाली, "तू वाळवण कशाखाली घालतीस गं? आभाळाखालीच ना? जा, आधी त्याला पांढरा मारून ये. मग माझ्या भिंतीचं बघू."

मला आतल्या आत इतकं हसू आलं की उठून बाहेर जावं लागलं. पण परत येऊन मी काय म्हणलं? म्हणलं, "पिवळाच बरा हाय."

तिची एक खोड होती. जी गोष्ट आवडायची तिला ती शिव्या द्यायची. नावडतीला काही बोलायची नाही, बघायचीसुद्धा नाही. पिवळ्याला ती एक शब्द बोलली नाही. निळ्यापुढून जाता-येता म्हणायची, "मेल्या, काळतोंड्या, खोलीत अंधार करशील का काय रे?" म्हणजे तिचं काय चाललंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उरलं होतं ते फक्त तीन उजेडांचं.

आणि मला काय पटलं होतं? इथंच सगळं अडलंय. इथवर आलो आणि दोन दिवस वही मिटून ठेवली.

मला निळाच आवडला होता. पहिल्या दुपारीच. बाहेरचं ऊन डोळ्यांत घेऊन आत आलो आणि त्या निळ्याकडं बघितलं तर डोळ्यांना विहिरीच्या पाण्यासारखं गार वाटलं. म्हणायला पाहिजे होतं, निळा. एक शब्द. पण हो म्हणलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेंटर आला असता, दोन दिवसांत खोली झाली असती, आणि मग? मुलगा परभणीला, लेक गंगाखेडला, कामधंदा सुटलेला. घरात दोनच माणसं. भांडण मिटलं की आमच्या घरात नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. आठ दिवस मी पिवळा, पिवळा करत राहिलो आणि आठ दिवस ती माझ्याशी बोलत राहिली. सकाळी उठल्या उठल्या, "अजून पिवळाच का?" "पिवळाच." "अक्कल कवा येणार तुमाला?" चहा पिताना तेच, जेवताना तेच. मला लय मजा येत होती. हे कुणाला सांगायचं?

शेवटच्या दिवशी मी म्हणलं, "एवढ्याशा ठिगळात काय कळतंय? मोठं करून दाव, मग बोलू."

मला वाटलं, ती चिडंल. ती उठली, पदर खोचला, स्टूल घेतलं आणि सगळी दुपार त्या भिंतीशी उभी राहिली. दोन्ही चौकोन दाराएवढे केले. मी ओट्यावर तंबाखू मळत बसलो होतो. एकदा आत डोकावून म्हणलं, "कडंला वाकडा झालाय." ती स्टुलावरूनच म्हणाली, "तुमी जल्माचे वाकडे, तुमाला समदं वाकडंच दिसणार."

दिवे लागले. मोठ्या केलेल्या रंगांवर सकाळचं ऊन पडायचं राहिलं होतं, आणि वर सांगितलं तसं आम्ही खाटेवर बसून भांडलो. भाकर खाताना ती म्हणाली, "हात भरून आलाय ओ. खांद्यापस्तोर कळ यायलीय."

मी म्हणलं, "मार अजून रंग."

"तुमीच म्हणलेव ना, मोठं करा."

मी खोबरेल तेल आणलं आणि तिचा डावा हात चोळला. डावा. ब्रश उजव्या हातात होता दिवसभर. मी त्या डाव्या हाताला खांद्यापासून बोटापर्यंत तेल चोळत होतो आणि माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्या पण आलं नाही. म्हणाली, "स्टुलावर ह्याच हातानं भिंत धरली व्हती ना, म्हणून असंल." मी म्हणलं, असंल. गावात रिक्षा आहे, दारात उभी असते. जिंतूरला दवाखाना आहे, मुलानं दिलेला फोन खिशात आहे. सगळं होतं, आणि आम्ही तेल चोळलं.

लोक मला त्या सकाळच्या दोन तासांचा हिशेब मागतात. मूर्ख आहेत. मागायचा तर त्या आठ दिवसांचा मागा. पहिल्याच दिवशी निळा म्हणलो असतो तर ती स्टुलावर चढली नसती. स्टुलावर चढली नसती तर हात दुखल्यावर आम्ही रंगाचं नाव घेतलं नसतं, दवाखान्याचं घेतलं असतं. हे लेकीला ठाऊक नाही. ठाऊक झाल्यावर ती आणखी बोलणार नाही, कदाचित. तरी लिहितोय. भावकीनं रचलेल्या गोष्टीसाठी तिनं माझ्यावर रागावू नये. रागवायचं तर खऱ्यासाठी रागवावं.

आता ती सकाळ.

सहाला उठलो. पाणी भरलं. गॅसवर दोघांचा चहा ठेवला. खोलीत येऊन म्हणलं, "ऊठ गं. आता ऊन येईल, तुझं ते बघायचं राहिलंय." ती कुशीवर होती, तोंड खिडकीकडं. खांद्याला हात लावला आणि कळलं. कापसाच्या गठाणीखाली माणूस सापडलेला मी दोनदा बघितलाय, मला कळतं. छातीला कान लावला, नाकापुढं बोट धरलं. पाय चोळले. नावानं हाक मारली, जन्मात पहिल्यांदा. काही नाही.

आता ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो असतो की भावकी आली असती, बायकांनी तिला खाली घेतलं असतं, खिडकी बंद केली असती, आणि मग त्या खोलीत तिचं काही राहिलं नसतं. ती सगळ्यांची झाली असती. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. पुढच्या दाराला आतून कडी घातली. खिडकी सताड उघडली. आणि तिला हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं, तोंड भिंतीकडं केलं. डोळे थोडे उघडे होते. ते तसेच राहू दिले.

खाटेच्या कडेला बसलो. ऊन आधी छताखाली आलं, मग भिंतीवरून खाली उतरलं. पिवळ्यावर आलं तसा तो नुसता चकाकला, बघवेना. निळ्यावर आलं आणि तो उजळला, गडदपणा गेला नाही, पण आतून उजळला. सकाळच्या उन्हाचा जो हट्ट तिनं आठ दिवस उगाच धरलाय असं मला वाटायचं, तो उगाच नव्हता, त्या उन्हात निळा खरंच वेगळा होता. मी बघितलं. नुसते डोळे उघडे ठेवले नाहीत, बघितलं.

"निळा," मी म्हणलं. "मला पयल्यापसून निळाच आवडला व्हता. खोटं बोललो मी."

नुसतं बोलून माझं भागेना. तोंडाचा शब्द काय, आठ दिवस तोंडानंच खोटं बोलत होतो. तो पिवळा माझा होता, माझं खोटं होतं ते, दाराएवढं, तिच्या हातानं मी मोठं करून घेतलेलं. ते भिंतीवर ठेवून मी तिला घराबाहेर काढणार होतो का? निळ्याचा डबा खाटेखाली होता. ब्रश वाळून काठीसारखा झाला होता. मग हातच बुडवला आणि पिवळ्यावर फासला, वरून खाली, वरून खाली, तळहातानं, लहानपणी आईला भिंत सारवताना बघितलं होतं तसा. शिव्या देत होतो. तिला, मला, त्या पेंटरला. दोन हात मारल्यावर पिवळा दिसेनासा झाला.

पण ओला रंग खरा नसतो. गडद दिसतो, फसवतो. ओल्या रंगावर ती कधी एक शब्द बोलली नाही. वाळल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बाहेरच्या माणसाला दाखवायचं तर नाहीच. वाळायला पाऊण तास लागणार होता. मग मी तिच्याजवळ बसलो. डावा हात तिच्या हातावर ठेवला, उजवा निळा हात आपल्या मांडीवर ठेवला, कुठं लागू नये म्हणून. बाहेर कुणीतरी कडी वाजवली, दुधवाला असेल. मी उठलो नाही. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली सरकत होतं. कडा आधी वाळल्या, मग मधला भाग. दोन्हीकडचा निळा एक झाला.

उठलो आणि भिंतीला बोट लावून बघितलं. बोटाला काही लागलं नाही. मग मी तिचे डोळे मिटले, दाराची कडी काढली आणि शेजारी हाक मारली.